हुन्नर आपले, कागद कोणाचा?
लकी अली यांच्या 'सुनो' कॅसेटपासून खांडबाऱ्याच्या रेकॉर्डिंगपर्यंत

गाणे ही विकण्याची वस्तू आहे, हे आपल्या व्यापारी बांधवांना वेगळे सांगायला नको. ज्यांनी कधीकाळी दुकानाच्या एका फळीवर कॅसेट मांडल्या, लग्नाच्या मंडपात लाऊडस्पीकर लावले, टेपरेकॉर्डर दुरुस्त केले आणि पुढे मोबाइलच्या कार्डात गाणी भरून दिली, त्यांना या मालाची मागणी कशी वाढते व कशी बसते याचा चांगला अनुभव आहे. मात्र हा माल तयार करणाऱ्याच्या हाती शेवटी काय उरते, या प्रश्नाकडे आपण फारसे पाहत नाही. कापड विणणारा, लाकूड घडवणारा आणि चाल बांधणारा हे तिघेही कारागीरच आहेत. पैकी पहिल्या दोघांचा माल एकदा विकला की व्यवहार संपतो. तिसऱ्याचा माल मात्र पंचवीस-तीस वर्षे पुन्हा पुन्हा विकला जातो. म्हणून त्याचा हिशेबही निराळा ठेवावा लागतो.

हा हिशेब समजून घेण्यासाठी मुंबईच्या एका गायकाचे उदाहरण उपयोगी पडेल. लकी अली हे नाव वाचकांना ठाऊक आहे. त्यांची 'सुनो' ही पहिली कॅसेट १९९६ मध्ये बाजारात आली. या घटनेकडे आज कलेपेक्षा धंद्याच्या नजरेने पाहू.

उशिरा सुरू झालेले दुकान

लकी अली यांचे मूळ नाव मकसूद महमूद अली. जन्म मुंबईचा, १९ सप्टेंबर १९५८ चा. वडील म्हणजे हिंदी चित्रपटांतील सुप्रसिद्ध विनोदी नट मेहमूद. आजोबा मुमताज अली हे बॉम्बे टॉकीजच्या काळातील नर्तक व नट, तर आत्या मिनू मुमताज याही चित्रपटात होत्या. म्हणजे घरचीच पेढी होती. अशा घरातील मुलाने वडिलांच्या गल्ल्यावर बसावे, ही आपल्याकडची रीत. ते तसे काही काळ बसलेही. लहानपणी 'छोटे नवाब'मध्ये ते दिसले, १९७८ च्या 'एक बाप छे बेटे' या वडिलांच्या चित्रपटात भावांबरोबर होते, आणि श्याम बेनेगल यांच्या 'त्रिकाल' (१९८५) मध्ये व दूरदर्शनवरील 'भारत एक खोज' या मालिकेतही त्यांनी कामे केली.

परंतु नट म्हणून त्यांचा जम बसला नाही. मधल्या काळात त्यांनी गाण्याशी संबंध नसलेली कामेही केली. तेलविहिरीवरची नोकरी, गालिचे, घोड्यांची पैदास असे उद्योग त्यांच्या मुलाखतींतून वाचकांसमोर आले आहेत. 'सुनो' बाजारात आली तेव्हा ते अडतिशीला टेकले होते. आपल्याकडे या वयात माणूस मुलाला दुकानावर बसवण्याचा विचार करू लागतो. इथे तर धंद्याचीच सुरुवात होती.

कॅसेटही सहज निघाली नाही. अनेक कंपन्यांनी ती नाकारली आणि अखेर बीएमजी क्रेसेंडो या कंपनीने बाजारात आणली. नकार देणाऱ्यांचे त्यांच्या दृष्टीने काही चुकले होते असे नाही. त्या काळी खासगी अल्बमचा बाजार नाचण्याजोग्या गाण्यांचा होता. १९९५ मध्ये अलिशा चिनॉय यांची 'मेड इन इंडिया' गाजली होती आणि प्रत्येकाला तसाच माल हवा होता. लकी अली यांचा आवाज किंचित खरखरीत, गाण्याची गती संथ, वाद्यांत गिटारचा भर. दुकानदाराच्या भाषेत सांगायचे तर नमुना चालू मागणीशी जुळणारा नव्हता.

एकटा कारागीर नव्हे, तिघांची कार्यशाळा

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. बाहेरून 'सुनो' हे एका माणसाचे काम वाटते, कारण वेष्टनावर त्याचा चेहरा आहे. आत मात्र तिघांची कारागिरी होती. चाली आणि आवाज लकी अली यांचा. शब्दांचा मोठा भाग त्यांचे मित्र सय्यद असलम नूर यांचा. 'ओ सनम' हे या कॅसेटमधील सर्वांत गाजलेले गाणे नूर यांनीच लिहिले. आणि वाद्यांची मांडणी व ध्वनिमुद्रणाची बाजू मायकी मॅकलिअरी यांनी सांभाळली. मॅकलिअरी हे न्यूझीलंडमध्ये वाढलेले संगीतकार. त्यांची बहीण ही लकी अली यांची पहिली पत्नी, त्यामुळे भागीदारीला नात्याचाही धागा होता.

चौथा हात विक्रीचा. 'ओ सनम'चे चित्रीकरण जाहिरातपटांच्या क्षेत्रातील दिग्दर्शक महेश मथाई यांनी इजिप्तमध्ये केले. १९९४ पासून चॅनल व्ही आणि १९९६ पासून एमटीव्हीची भारतासाठीची स्वतंत्र वाहिनी घरोघरी दिसू लागली होती. या वाहिन्यांना दिवसभर दाखवायला गाणी हवी होती, आणि गाणे विकणाऱ्याला फुकटची जाहिरात हवी होती. दोघांची गरज जुळली आणि कॅसेट उठली.

त्याच काळातील दुसरे उदाहरण अगदी उलट आहे. नागपूरला जन्मलेले अल्ताफ राजा हे कव्वाल आईवडिलांचे चिरंजीव. त्यांची 'तुम तो ठहरे परदेसी' ही कॅसेट १९९७ मध्ये व्हीनस कंपनीने काढली. ती मोठ्या शहरांतील वाहिन्यांपेक्षा ट्रक, एस.टी. स्टँड, चहाची हॉटेले आणि पानाची दुकाने यांच्या जोरावर पसरली. दोघांचे गिऱ्हाईक वेगळे, वाट वेगळी. एका गोष्टीत मात्र दोघे सारखे आहेत: बाजारात जे आधीच ढिगाने होते, त्याची नक्कल कोणीच केली नाही.

पहिल्या मालानंतर काय?

पहिला माल खपला की कारागिरापुढे दोन मोह उभे राहतात. एक, तोच माल रंग बदलून पुन्हा विकावा. दोन, आपला मूळ धंदा सोडून जो बोलावील त्याच्याकडे मजुरीला जावे. लकी अली यांनी मधला मार्ग धरला, असे त्यांच्या पुढील कामाच्या यादीवरून दिसते.

स्वतःच्या नावाचे काम त्यांनी थांबवले नाही. 'सिफर' १९९८ मध्ये आली, 'अक्स' २००१ मध्ये, 'कभी ऐसा लगता है' २००४ मध्ये. म्हणजे दोन-तीन वर्षांना एक असा सावकाश हिशेब होता. दरवर्षी ईदला किंवा दिवाळीला नवा माल उतरवलाच पाहिजे, अशी घाई नव्हती.

त्याचबरोबर दुसऱ्यांच्या कामात त्यांनी आपला आवाज दिला. महेश मथाई यांनीच दिग्दर्शित केलेल्या 'भोपाळ एक्स्प्रेस' (१९९९) साठी त्यांनी शंकर-एहसान-लॉय यांच्या संगीतात गायले. २००० मध्ये 'कहो ना... प्यार है' आला. त्याचे संगीतकार राजेश रोशन. त्यातील 'एक पल का जीना' आणि 'ना तुम जानो ना हम' ही दोन गाणी देशभर वाजली आणि दुसऱ्या गाण्यासाठी लकी अली यांना पार्श्वगायनाचे फिल्मफेअर पारितोषिक मिळाले. २००२ मध्ये 'सुर' या चित्रपटात त्यांनी संगीत शिक्षकाची भूमिका केली आणि एम. एम. क्रीम यांच्या चाली गायल्या. ए. आर. रहमान यांनी 'युवा' (२००४) मध्ये त्यांचा आवाज घेतला आणि अकरा वर्षांनी 'तमाशा' (२०१५) मध्ये पुन्हा घेतला. विशाल-शेखर यांच्यासाठी त्यांनी 'बचना ऐ हसीनो' (२००८) आणि 'अनजाना अनजानी' (२०१०) मध्ये गायले.

ही यादी केवळ कौतुकासाठी दिलेली नाही. यातील प्रत्येक संगीतकाराकडे गायकांची रांग होती. तरीही त्यांनी लकी अलींना बोलावले, ते त्यांचा आवाज दुसऱ्या कोणाकडे मिळत नव्हता म्हणून. जे काम बाजारात दहा जण करतात त्याचा भाव गिऱ्हाईक ठरवतो, आणि जे एकच जण करतो त्याचा भाव ठरवताना कारागिरालाही बोलता येते. पैठणी विणणारा असो, तांब्याची भांडी ठोकणारा असो किंवा गायक असो, नियम एकच.

जुनी भागीदारीही त्यांनी मोडली नाही. 'सुनो'नंतर पंचवीसहून अधिक वर्षांनी, २०२२ मध्ये, लकी अली आणि मायकी मॅकलिअरी यांचे 'इंतजार' हे गाणे आले. २०२१ मध्ये इस्रायलमधील संगीतकार एलिएझर बोत्झर यांच्याबरोबर 'अमराया' निघाले. २०२४ मध्ये 'दो और दो प्यार' या चित्रपटातही त्यांचा आवाज ऐकू आला. त्याआधी २०२० च्या अखेरीस गोव्यात त्यांनी केवळ गिटारवर 'ओ सनम' म्हटल्याची एक साधी चित्रफीत मोबाइलवरून लाखो लोकांपर्यंत गेली. १९९६ मध्ये ज्यांचा जन्मही झाला नव्हता, अशा मुलांनी ते गाणे त्या दिवशी पहिल्यांदा ऐकले.

गाणे राहिले, दुकान बदलले

मग या एवढ्या वर्षांत त्या जुन्या मालाचा धनी कोण? १९९६ मध्ये 'सुनो' काढणारी बीएमजी क्रेसेंडो त्या नावाने आज बाजारात नाही. बीएमजीचा जागतिक कॅसेट-सीडीचा धंदा २००४ मध्ये सोनीच्या धंद्यात मिळाला आणि २००८ मध्ये सोनीने बीएमजीचा हिस्साही विकत घेतला. 'ओ सनम'ची अधिकृत चित्रफीत आज सोनी म्युझिक इंडियाच्या नावाने दिसते. कॅसेट गेली, सीडी गेली, एमपी३ची तबकडी गेली. दुकान बदलले, मालक बदलला, पण ध्वनिमुद्रणाचा हक्क एका हातातून दुसऱ्या हातात जात राहिला. तो कोणत्या कागदाने जातो, हे जाणणे कारागिराच्या हिताचे आहे.

एका गाण्यात कायद्याने निरनिराळे हक्क असतात. शब्दांचा हक्क लिहिणाऱ्याचा. चालीचा हक्क चाल बांधणाऱ्याचा. हे दोन्ही हक्क त्या माणसाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतात, म्हणजे ते वारसांनाही मिळतात. तिसरा हक्क प्रत्यक्ष ध्वनिमुद्रणाचा. तो निर्मात्याचा, म्हणजे ज्याने पुढाकार घेऊन आणि जबाबदारी उचलून रेकॉर्डिंग करवून घेतले त्याचा. त्याची मुदत प्रसिद्धीपासून ६० वर्षे. आणि चौथा हक्क गाणाऱ्याचा व वाजवणाऱ्याचा, त्यांच्या सादरीकरणाचा. त्याची मुदत ५० वर्षे.

पूर्वी चित्रपट आणि कॅसेटच्या धंद्यात बहुतेकांना एकरकमी पैसे हातावर ठेवून सर्व हक्क लिहून घेतले जात. गाणे पुढे कितीही चालो, कवी आणि संगीतकार यांचा संबंध तिथेच संपे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये दुरुस्ती झाली आणि हे चित्र बदलले. आता कवी व संगीतकार यांना रॉयल्टीचा आपला वाटा सोडून देता येत नाही. तो फक्त वारसांना किंवा त्यांच्या हक्कांसाठी नोंदलेल्या संस्थेलाच देता येतो. कागदावर तसे कोणी लिहून घेतले तरी ते चालत नाही. कवी-संगीतकारांसाठी १९६९ मध्ये स्थापन झालेली इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी ही संस्था मुंबईत आहे. गायकांच्या हक्कांसाठी २०१३ मध्ये इंडियन सिंगर्स राइट्स असोसिएशन उभी राहिली.

खांडबाऱ्याचा यात काय संबंध?

वाचक म्हणतील, मुंबईच्या गायकाची ही गोष्ट सुरत-भुसावळ लोहमार्गावरच्या खांडबाऱ्याला कशाला? नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर तालुक्याचे हे स्टेशनचे गाव. एका बाजूला गुजरातची सरहद्द, दुसऱ्या बाजूला नंदुरबार. भोवतालच्या पाड्यांत मावची, भिली, कोकणी बोलणारी आदिवासी वस्ती, आणि खानदेशभर अहिराणी. ज्या बोलीत छापील पुस्तके मोजकीच, त्या बोलीत गाणी मात्र भरपूर, ही इथली स्थिती आहे.

मोबाइलने या गाण्यांना बाजार मिळवून दिला. अहिराणी गाण्यांच्या चित्रफिती यूट्यूबवर लाखोंनी पाहिल्या जातात आणि लग्नसराईत वाजतात. आदिवासी बोलींतील गाण्यांनाही स्वतःचा श्रोता मिळाला आहे. या साखळीत आपले व्यापारी व कारागीर जागोजागी असतात: साऊंड व मंडपवाले, बँडचे वादक, वाद्ये दुरुस्त करणारे, मोबाइलचे दुकानदार, चित्रीकरण करणारे, कपडे शिवणारे. कोणी छोट्या स्टुडिओत भांडवल घालतो, कोणी गाणाऱ्या पोराला रेकॉर्डिंगचा खर्च उचलून देतो. म्हणजे आज छोट्या गावातला दुकानदारही निर्माता होऊ शकतो, आणि निर्माता झाला की १९९६ च्या कंपनीच्या जागी तोच येतो. त्याने कसे वागावे हा प्रश्न आता त्याचा स्वतःचा आहे.

म्हणून काही गोष्टी व्यवहारात आणाव्यात.

पहिली, तोंडी व्यवहार टाळावा. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी आणि सही केलेलाच असावा लागतो. कोणते गाणे, कोणता हक्क, किती वर्षे, कोणत्या प्रदेशापुरता आणि मोबदला किती, हे त्यात लिहावे लागते. वर्षे लिहिली नसतील तर कायदा ५ वर्षे धरतो. प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता धरतो. साध्या मराठीत लिहिलेले एक पानही पुरते. रक्कम मोठी असेल तर वकिलाला दाखवावे.

दुसरी, चॅनल कोणाच्या नावावर आहे ते आधी पाहावे. यूट्यूबचे पैसे ज्याच्या खात्याला चॅनल जोडले आहे त्याच्याच खात्यात येतात. गाणे तिघांनी केले आणि चॅनल एकाचे असेल, तर वाटणी गाणे चढवण्याआधी ठरवावी. गाणे चालल्यावर ठरवू म्हटले की भांडण ठरलेले. भाऊ-भाऊ आणि मित्र-मित्र यांच्यातील भागीदाऱ्या अशाच मोडतात, हे कोणत्याही बाजारपेठेत पाहायला मिळेल.

तिसरी, दुसऱ्याच्या चालीवर धंदा उभारू नये. हिंदी चित्रपटाच्या चालीवर बोलीतले शब्द बसवून गाणे काढणे सोपे असते आणि ते लवकर चालतेही. परंतु चाल दुसऱ्याची आहे. कंपनीची यंत्रणा ती ओळखते, आणि मग एक तर गाणे काढून टाकले जाते किंवा त्याची कमाई कंपनीकडे वळते. १९८०-९० च्या दशकात जुन्या गाण्यांच्या 'व्हर्जन' कॅसेटचा धंदा कायद्यातील एका पळवाटेवर फोफावला होता. २०१२ च्या दुरुस्तीने ती वाट अरुंद केली. आता पहिल्या ध्वनिमुद्रणानंतर ५ वर्षे थांबावे लागते, आगाऊ नोटीस व रॉयल्टी द्यावी लागते, आणि संमतीवाचून शब्द-चालीत बदल करता येत नाही.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची, गाणाऱ्याला त्याचा वाटा द्यावा. पाड्यावरून आलेल्या मुलाला कायदा ठाऊक नसतो. त्याला दोन हजार रुपये आणि एक नवा शर्ट दिला की तो खूश होऊन घरी जातो. गाणे उद्या लाखो लोकांनी पाहिले तर तो मुलगा तेच गाणे दुसऱ्याच्या दुकानात वाजताना ऐकतो, आणि पुढचे गाणे घेऊन आपल्याकडे येत नाही. मजूर म्हणून राबवलेला कलावंत एकच हंगाम टिकतो. भागीदार म्हणून ठेवलेला पुढच्या हंगामातही येतो. मॅकलिअरी आणि लकी अली यांनी पंचवीस वर्षांनंतरही एकत्र काम केले, यात नात्याचा भाग असेलच, पण प्रत्येकाचे नाव कामावर स्वच्छ लिहिलेले होते, हाही भाग आहे. म्हणून गाण्याच्या खाली शब्द कोणाचे, चाल कोणाची, आवाज कोणाचा, वाद्ये कोणाची, हे लिहावे. त्याला एक रुपयाही खर्च येत नाही.

ज्यांच्याकडे जुने ध्वनिमुद्रण पडून आहे, त्यांनीही ते कपाटातून बाहेर काढावे. कित्येक गावांत कोणी तरी लग्नातली गाणी, कव्वालीचे कार्यक्रम, बँडचे वादन टेपवर भरून ठेवलेले असते. टेपची पट्टी दमट हवेत चिकटते, तिला बुरशी धरते. ती संगणकावर उतरवून घेण्याचे काम टेपरेकॉर्डर दुरुस्त करणारा जुना कारागीर आजही करू शकतो, आणि त्याला त्याची मजुरी मिळू शकते. उतरवलेले गाणे विकण्यापूर्वी मात्र ज्याने ते म्हटले त्याच्या घरी जाऊन परवानगी घ्यावी आणि वाटा ठरवावा. तो हयात नसेल तर वारसांशी बोलावे.

लकी अली यांच्या 'सुनो'ला अनेक दरवाजे बंद मिळाले होते. खांडबारा, चिंचपाडा, नवापूर इथल्या एखाद्या मुलाला आज रेकॉर्डिंगसाठी मुंबईतला एकही दरवाजा ठोठवावा लागत नाही. त्याचे पहिले दार म्हणजे आपल्यापैकीच कोणाचे तरी दुकान आहे. त्याच्यासमोर कोणता कागद ठेवायचा, हे त्या दुकानदाराने आजच ठरवून ठेवावे.